मनोविकृत व्यक्तिमत्त्व व मेंदूजाले : एका संकल्पनेचा इतिहास

मनोविकृत व्यक्तिमत्त्व : बुद्धी, स्मृती व विचारशक्ती शाबूत असूनही ज्या व्यक्तीच्या ठिकाणी दुसऱ्याच्या दुःखाविषयी कळवळा, अपराधाबद्दल पश्चात्ताप, शिक्षेचे भय आणि आप्तेष्टांविषयीची निष्ठा यांचा दीर्घकाळ व ठळक अभाव आढळतो, तिच्या स्वभावघडणीस ही संज्ञा लावतात. अशी व्यक्ती वरकरणी गोडबोली व चतुर असू शकते; मात्र असत्य, फसवणूक व इतरांचा साधन म्हणून वापर हा तिच्या वागण्याचा स्थायीभाव असतो. ‘सायकोपॅथ’ हा शब्द वृत्तपत्रांतून व चित्रपटांतून कोणत्याही क्रूर गुन्हेगारास सर्रास लावला जातो. शास्त्रीय दृष्ट्या तो तसा लावता येत नाही. सर्वच खुनी या प्रकारात मोडत नाहीत आणि या प्रकारातील सर्वच व्यक्ती खून करीत नाहीत. भ्रम व निराधार संशय यांनी ग्रासलेले छिन्नमानसाचे रुग्ण तर या वर्गापासून सर्वस्वी भिन्न होत. हा भेद केवळ वैद्यकीय नाही. आरोपीची रवानगी तुरुंगात व्हावी की रुग्णालयात, हा प्रश्न पुष्कळदा त्याच्यावर अवलंबून असतो.

या दोन्ही प्रकारच्या संस्था ठाणे शहरात फार थोड्या अंतरावर उभ्या आहेत. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधावयास घेतलेल्या किल्ल्यात आहे. हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी व १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि इंग्रजी अमदानीत त्याचे कारागृहात रूपांतर झाले. शहराच्या दक्षिण भागात, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) पहिल्या औद्योगिक क्षेत्रास म्हणजे वागळे इस्टेटीस लागून, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १९०१ मध्ये सुरू झालेली ही संस्था नरोत्तमदास माधवदास या नावाने दीर्घकाळ ओळखली जात होती. कारखान्यांची वसाहत होण्यापूर्वी सुमारे सहा दशके ती तेथे होती. १,८५० मंजूर खाटांचे हे रुग्णालय येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील रुग्णालयांसह राज्यातील चार जुन्या शासकीय मनोरुग्णालयांपैकी एक आहे. मनोविकृत व्यक्तिमत्त्व ही संकल्पना या दोन दरवाजांच्या मधोमध उभी राहिली. ज्याला भ्रम नाही, वेडाचे झटके नाहीत, तरी ज्याचे वागणे सामान्य माणसासारखे नाही, अशास कोणत्या दरवाजाने आत घ्यावयाचे, हा प्रश्न दोनशे वर्षे चर्चिला जात आहे. अलीकडील मेंदूसंशोधनाने त्यात नवी भर घातली आहे.

संकल्पनेचा उदय : फ्रेंच वैद्य फिलिप पिनेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘भ्रमाविना उन्माद’ असा एक प्रकार वर्णिला. रुग्णाची आकलनशक्ती अबाधित असते, परंतु वृत्तींवर ताबा नसतो, हे त्यांचे निरीक्षण त्या काळी नवे होते. कारण वेड म्हणजे बुद्धिभ्रंश, अशीच समजूत रूढ होती. इंग्लंडमध्ये जेम्स काउल्स प्रिचर्ड यांनी १८३५ मध्ये ‘नैतिक वेड’ ही संज्ञा वापरली. जर्मनीत योहान कोख यांनी १८९१ मध्ये ‘मनोविकृत न्यूनता’ असा शब्दप्रयोग केला आणि कुर्ट श्नायडर यांनी १९२३ मध्ये मनोविकृत व्यक्तिमत्त्वांचे दहा प्रकार सांगितले. श्नायडर यांच्या वर्गीकरणात स्वतः दुःखी होणारी माणसेही येत. केवळ समाजास उपद्रव देणारी नव्हेत.

आजचा अर्थ प्रामुख्याने अमेरिकन मानसचिकित्सक हर्वे क्लेक्ली यांच्या १९४१ च्या ग्रंथाने रूढ झाला. क्लेक्ली यांचे रुग्ण बहुधा सुसंस्कृत घरांतील, बोलण्यात मोहक, पण शब्द आणि भावना यांचा सांधा तुटलेले असे होते. कॅनडातील रॉबर्ट हेअर यांनी पुढे कैद्यांचा अभ्यास करून १९८० मध्ये लक्षणसूची तयार केली व १९९१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत वीस लक्षणे असून प्रत्येकास शून्य ते दोन असे गुण दिले जातात. उत्तर अमेरिकेत चाळीसपैकी तीस वा अधिक गुण मिळाल्यास व्यक्ती या वर्गात मोडते, असा प्रघात आहे. यूरोपातील काही संशोधक पंचविसाची मर्यादा धरतात. देशांतर झाले की मर्यादा बदलते, यावरूनच ही रेषा निसर्गाने आखलेली नसून माणसाने सोयीसाठी आखलेली आहे, हे ध्यानात येते. अमेरिकन मानसचिकित्सक संघटनेच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० पासून ‘समाजविरोधी व्यक्तिमत्त्वविकार’ असे निदान आहे. ते मुख्यतः वर्तनावर आधारलेले असल्याने कैद्यांत पुष्कळ अधिक प्रमाणात आढळते. मनोविकृत व्यक्तिमत्त्व ही त्याहून संकुचित संकल्पना होय.

जन्मजात गुन्हेगारीचा सिद्धांत : गुन्हेगाराच्या शरीरातच गुन्ह्याचे मूळ शोधण्याची प्रवृत्ती जुनी आहे. इटालियन वैद्य चेझारे लोंब्रोझो यांनी १८७६ मध्ये कवटीची ठेवण व चेहरेपट्टी यांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, असा दावा केला. पुढील मोजमापांत तो टिकला नाही. तथापि आनुवंशिक गुन्हेगारीची कल्पना कायद्यात शिरली आणि तिचे सर्वांत कठोर रूप हिंदुस्थानातच दिसले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने संपूर्ण जमातींवरच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची मुभा दिली. १९११ च्या अधिनियमानंतर मुंबई इलाख्यातही ही व्यवस्था विस्तारली. सोलापूर येथे तारेच्या कुंपणाआड वसाहत उभारण्यात आली. पारधी, कैकाडी, भामटा इ. समाजांतील बायकामुलांसह कुटुंबांना अशा वसाहतींतून हजेरी द्यावी लागे. हा अधिनियम स्वातंत्र्यानंतर रद्द झाला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. शिक्का मात्र पुसला गेला नाही. लक्ष्मण माने यांचे उपरा (१९८०) व लक्ष्मण गायकवाड यांचे उचल्या (१९८७) ही आत्मकथने त्याची साक्ष देतात. ‘अमक्याचा मेंदूच गुन्हेगाराचा’ असे विधान करणाऱ्यास महाराष्ट्रात तरी हा इतिहास विसरून चालणार नाही.

भारतीय कायद्यातील स्थान : इंग्लंडमधील १८४३ च्या मॅक्नॉटन खटल्यानंतर वेडाच्या बचावाचे नियम ठरले व त्यांच्या आधारे १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८४ आले. कृत्य करतेवेळी मनोवैकल्यामुळे कृत्याचे स्वरूप अथवा ते गैर वा बेकायदेशीर आहे हे जाणण्यास जो असमर्थ असेल, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही, असे या कलमाचे सार होय. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. कसोटी जाणण्याची आहे, वाटण्याची नाही. मनोविकृत व्यक्तीस आपण काय करतो ते पुरते कळते. त्याविषयी तिला काही वाटत नाही, एवढेच. त्यामुळे या कलमाचा आसरा तिला मिळत नाही. इंग्लंडने १९५९ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात ‘मनोविकृत विकार’ असा स्वतंत्र वर्ग मानला होता. २००७ च्या दुरुस्तीने तो वगळण्यात आला. भारतात १९१२ चा वेडेपणाविषयीचा अधिनियम, १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम यांपैकी कोणीही असा वर्ग निर्माण केला नाही. २०१७ च्या अधिनियमातील व्याख्या विचार, मनःस्थिती, संवेदन, दिशाबोध वा स्मृती यांतील गंभीर बिघाडावर आधारलेली आहे.

रामन राघव खटला : वैद्यकीय वेड, कायद्याचे वेड आणि लोकांच्या मनातील ‘नराधम’ या तीन प्रतिमांची गल्लत कशी होते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे रामन राघव याचा खटला. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत रस्त्यावर व झोपड्यांत झोपलेल्या गोरगरिबांवर रात्री हल्ले झाले. १९६८ मध्ये उत्तरेकडील उपनगरांत ते पुन्हा सुरू झाले. पोलीस उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तपास झाला व २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्यास पकडले. त्याने अनेक खुनांची कबुली दिली. १९६९ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा पोलीस शल्यचिकित्सकांनी त्याला काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवून त्यास चित्तविकृती नसल्याचे मत दिले, तर बचावपक्षाच्या मानसचिकित्सकाने संशयी स्वरूपाचे जुनाट छिन्नमानस असल्याची साक्ष दिली. सत्र न्यायालयाने मृत्युदंड ठोठावला. शिक्षा कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मानसचिकित्सकांचे मंडळ नेमविले. त्या मंडळाने अनेक मुलाखती घेऊन, तो भ्रमाने ग्रस्त असून त्याचा विकार असाध्य असल्याचा निष्कर्ष काढला. अखेरीस ४ ऑगस्ट १९८७ रोजी मृत्युदंडाऐवजी जन्मठेप देण्यात आली. पुण्यात येरवडा येथे कैदेत असताना १९९५ मध्ये ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचा मृत्यू झाला.

लोकमानसात रामन राघव हा मनोविकृत खुन्याचा नमुना मानला जातो. वैद्यकीय मंडळाचा निष्कर्ष पाहता तो तसा नव्हता. तो छिन्नमानसाचा रुग्ण होता. त्याच्या कृत्यांची भीषणता यामुळे कमी होत नाही. परंतु भीषणतेवरून निदान करता येत नाही, हा धडा या खटल्याने दिला. त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. छिन्नमानसाचे बहुसंख्य रुग्ण कोणासही इजा करीत नाहीत. ठाणे वा येरवड्याच्या रुग्णालयात उपचार घेणाऱ्या हजारो रुग्णांवर एका खटल्याची छाया पडणे अन्यायाचे आहे.

मेंदूकडे वळलेली दृष्टी : स्वभाव व मेंदू यांचा संबंध दाखविणारे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील रेल्वे मुकादम फिनिअस गेज याचे आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाच्या स्फोटात सु. सहा किग्रॅ. वजनाची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला. परंतु त्याचा स्वभाव बदलून तो उद्धट व चंचल झाला, असे त्याचे वैद्य जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये लिहिले. पाठ्यपुस्तकांत याची कथा फुगवून सांगितली जाते. प्रत्यक्षात गेजने नंतर चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकण्याचे कष्टाचे काम केले होते. तरीही कपाळामागील भाग, म्हणजे अग्रललाट बाह्यक, सामाजिक वर्तनाशी निगडित असल्याचे पुढील अनेक रुग्णांवरून स्पष्ट झाले. दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा कोशिकासमूह. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भय ओळखणे आणि शिक्षेच्या अनुभवावरून शिकणे यांत तो भाग घेतो. मनोविकृत व्यक्तींत याच दोन क्रिया दुबळ्या आढळल्याने संशोधकांचे लक्ष त्याकडे गेले.

१९९० नंतर कार्यदर्शी चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाची पद्धत उपलब्ध झाली. मेंदूचा जो भाग कार्यरत होतो तेथे रक्तपुरवठा वाढतो व रक्तातील ऑक्सिजनाच्या प्रमाणानुसार चुंबकीय संकेत किंचित बदलतो; हा बदल यंत्र टिपते. म्हणजे यंत्र विचार पाहत नाही, रक्तप्रवाहातील फरक पाहते. दुसऱ्या एका पद्धतीने श्वेतद्रव्यातील पाण्याच्या रेणूंच्या विसरणाची दिशा मोजून तंतूंच्या जुडग्यांची अखंडता अजमावता येते.

मेंदूजाले : मेंदूतील एकेक भाग सुटा काम करीत नाही. दूरदूरचे भाग एकाच लयीत कमीजास्त कार्यरत होतात. अशा भागांच्या समूहास मेंदूजाल म्हणतात. एखादे गाव समजून घेण्यास घरे मोजून भागत नाही, कोणाचे कोणाकडे जाणेयेणे आहे हेही पाहावे लागते, तसेच हे आहे. तीन जाले विशेष अभ्यासली गेली आहेत. माणूस बाह्य कामात गुंतलेला नसताना, स्वतःविषयी वा इतरांच्या मनाविषयी विचार करताना कार्यरत होणारे विश्रामकालीन जाल हे पहिले. काय महत्त्वाचे, कशाकडे लक्ष द्यावे, हे ठरविणारे लक्षवेधी जाल हे दुसरे. उद्दिष्ट मनात धरून कृती नियंत्रित करणारे कार्यनियंत्रक जाल हे तिसरे. एकातून दुसऱ्यात वेळेवर जाणे हे निकोप मनोव्यापाराचे लक्षण मानले जाते.

मनोविकृत व्यक्तींविषयीचे प्रमुख निष्कर्ष असे : लंडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये अमिग्डला व अग्रललाट बाह्यकाचा अधोभाग यांना जोडणाऱ्या अंकुशाकार तंतुजुडग्याची अखंडता अशा व्यक्तींत कमी असल्याचे दाखविले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या कारागृहातील कैद्यांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच दोन भागांतील कार्यानुबंधही क्षीण आढळला. या कामासाठी केंट कील यांनी अनुस्पंदन यंत्र वाहनावर बसवून थेट कारागृहाच्या आवारात नेण्याची सोय केली होती. पुढील अभ्यासांत विश्रामकालीन व लक्षवेधी जालांतील अनुबंधांतही फरक नोंदविले गेले. या निष्कर्षांचा अन्वयार्थ असा लावला जातो की, दुसऱ्याच्या वेदनेचा संकेत मेंदूपर्यंत पोहोचतो. पण निर्णय घेणाऱ्या भागापर्यंत त्याचे वजन पोहोचत नाही.

नेदरलँड्समधील २०१३ च्या प्रयोगाने या चित्रात महत्त्वाची दुरुस्ती केली. हातास इजा होत असल्याची दृश्ये पाहताना मनोविकृत कैद्यांच्या मेंदूतील सहवेदनेशी संबंधित भागांचा प्रतिसाद इतरांपेक्षा कमी होता. परंतु ‘त्या व्यक्तीस काय वाटत असेल ते अनुभवण्याचा प्रयत्न करा’ अशी सूचना देताच हा फरक बराच घटला. सहवेदनेची क्षमता नष्ट झालेली नसून ती आपसूक जागी होत नाही, असा याचा अर्थ होतो.

मर्यादा : हे संशोधन स्वीकारताना काही गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. बहुतेक अभ्यास उत्तर अमेरिका व यूरोपातील कारागृहांतील पुरुषांवर झाले असून अनेकांत गटाची संख्या काही दहांपुरतीच आहे. कैद्यांत मद्य व मादक पदार्थांचे व्यसन, डोक्याच्या इजा व बालपणीची हेळसांड यांचे प्रमाण मोठे असते आणि त्यांचाही मेंदूवर परिणाम होतो. फरक आढळला तरी तो वर्तनाचे कारण की परिणाम, हे एका छायाचित्रावरून सांगता येत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेने मेंदूरचनेच्या अभ्यासांत फरक न आढळल्याच्या नोंदीच बहुसंख्य असून लेखांच्या सारांशांत मात्र फरक आढळल्याच्या नोंदींना अधिक स्थान मिळते, असे दाखवून दिले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. सोलापूर जिल्ह्यातील पाऊस सरासरीने कोकणापेक्षा कमी असतो, यावरून एखाद्या दिवशी पंढरपुरात पाऊस पडेल की नाही हे सांगता येत नाही. तसेच गटाच्या सरासरीवरून एका आरोपीचे मन वाचता येत नाही.

न्यायालये व मेंदूपरीक्षा : या सावधगिरीची निकड महाराष्ट्रात एकदा प्रत्ययास आली आहे. पुण्यातील सत्र न्यायालयाने जून २००८ मध्ये एका खुनाच्या खटल्यात जन्मठेप देताना इतर पुराव्याबरोबर मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. ही चाचणी व्यक्तिमत्त्वाची नव्हे, तर कृत्याच्या ‘अनुभवजन्य स्मृती’ची होती. तिच्या शास्त्रीय पायाविषयी देशात व परदेशांत तीव्र शंका व्यक्त झाल्या. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात, संमतीवाचून केलेली नार्कोपरीक्षा, असत्यशोधन व मेंदूलहरींची परीक्षा संविधानाच्या अनुच्छेद २० (३) मधील हक्काचा भंग करते, असे ठरविले.

शिक्षेच्या टप्प्यावर मात्र आरोपीच्या मनाचा विचार वाढत गेला आहे. १२ एप्रिल २०१९ रोजी महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार हे मृत्युदंड सौम्य करण्याचे कारण ठरू शकते, असा निर्णय दिला व कैद्याचे नावही गुप्त ठेवले. तेथे अभिप्रेत असलेले आजार छिन्नमानसासारखे गंभीर विकार आहेत. मे २०२२ मधील मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालाने मृत्युदंडाच्या खटल्यांत आरोपीच्या मानसिक मूल्यमापनाचा अहवाल मागविण्याचे निर्देश दिले. येथून मनोविकृत व्यक्तिमत्त्वाचे निदान न्यायालयात येऊ शकते आणि ते दुधारी आहे. मेंदूच असा असेल तर दोष कमी, असे एक पक्ष म्हणेल. मेंदूच असा असेल तर सुधारणेची आशा नाही, असे दुसरा म्हणेल. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात २००९ मध्ये ब्रायन डूगन याच्या शिक्षेच्या सुनावणीत बचावपक्षाने मेंदूप्रतिमांचा पुरावा मांडला होता. पंचांनी तरीही मृत्युदंडच सुचविला.

उपचार : ‘असाध्य’ हा शब्द मनोविकृत व्यक्तिमत्त्वास फार लवकर चिकटला. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९६०–८० च्या दरम्यान कैद्यांनीच परस्परांवर तीव्र समूहोपचार करण्याचा प्रयोग झाला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यातील मनोविकृत व्यक्तींकडून सुटकेनंतर अधिक हिंसक गुन्हे घडल्याचे आढळले व उपचार निरुपयोगी अशी समजूत दृढ झाली. उलट विस्कॉन्सिन येथील किशोरवयीन गुन्हेगारांच्या मेंडोटा केंद्रात शिक्षेची चढती भाजणी टाळून, चांगल्या वर्तनास तत्काळ लहानसहान सवलती देण्याची पद्धत अवलंबिण्यात आली आणि तेथून बाहेर पडलेल्यांत हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण घटल्याचे दिसून आले. शिक्षेच्या भयाने न शिकणारा मेंदू बक्षिसाने शिकू शकतो, हे तत्त्व मेंदूसंशोधनाशी जुळते. वय जितके कोवळे तितकी आशा अधिक, असेही या अनुभवावरून दिसते. बालगृहे व निरीक्षणगृहे यांतील प्रशिक्षित मनुष्यबळाचा प्रश्न म्हणूनच या विषयाशी थेट संबंधित ठरतो.

मेंदूजालांच्या अभ्यासाने एक गोष्ट पुढे आणली आहे : निष्ठुरता ही केवळ इच्छेची बाब नसून तिला मेंदूच्या रचनेची व अनुबंधांची बाजू असू शकते. परंतु मेंदूतील अनुबंध जन्मतः घडवून ठेवलेले नसतात. संगोपन, इजा, व्यसन, शिक्षण व उपचार यांनी ते घडतात व बदलतात. जन्मजात गुन्हेगाराची जुनी कल्पना आणि हे नवे ज्ञान यांतील मूलभूत अंतर हेच होय. ते अंतर राखले गेले नाही, तर कवटी मोजणाऱ्या टेपेची जागा केवळ महागडे यंत्र घेईल.